सौरवादळांवरचं खुलं व्याख्यान: ऐकण्यासारखं काय, सुधारण्यासारखं काय

संध्याकाळी दीड तासाचं व्याख्यान आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर सूर्यनिरीक्षण. दोन्हींना प्रवेश मोफत. मराठवाड्यातलं एक हौशी खगोल मंडळ जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी, महाविद्यालयांच्या सभागृहांत हा कार्यक्रम घेतं. मंडळाचं नाव इथे देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगितल्या आहेत त्या या एका मंडळापुरत्या नाहीत. या विषयावरच्या बहुतेक व्याख्यानांत त्या सापडतात. आमचं मत आधीच सांगून टाकतो. जरूर जावं, पोरांना घेऊन जावं आणि सकाळचं सत्र चुकवू नये. संध्याकाळच्या व्याख्यानाचा पूर्वार्ध उत्तम आहे. उत्तरार्ध मात्र कॅनडा-स्वीडनमध्येच फिरत राहतो, आणि लातूर-परभणीत राहणाऱ्या माणसाला सौरवादळाचं नेमकं काय देणंघेणं आहे, ते त्यातून कळत नाही.

पूर्वार्ध चांगला का, तर वक्त्यांनी वेळेचा हिशेब आधी मांडला. सूर्यावर मोठा स्फोट झाला की पृथ्वीकडे तीन गोष्टी निघतात आणि तिन्ही वेगवेगळ्या वेळी पोचतात. पहिला येतो सौरज्वालेचा प्रकाश, म्हणजे क्ष-किरण आणि अतिनील किरण. त्याला ८ मिनिटं २० सेकंद लागतात. त्यामागून वेगवान प्रोटॉन येतात, अर्ध्या तासापासून काही तासांत. सगळ्यात शेवटी सीएमई, म्हणजे सूर्याच्या प्रभामंडळातून उसळलेला चुंबकीय क्षेत्रासकटचा वायूचा प्रचंड ढग. तो सेकंदाला २५० ते ३,००० किलोमीटर वेगाने निघतो आणि साधारण १५ तासांपासून तीन-चार दिवसांपर्यंत केव्हाही धडकतो. या तिघांची सरमिसळ झाली की पुढचं सगळं व्याख्यान गढूळ होतं. इथे ती झाली नाही. अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या तीन मोजपट्ट्यासुद्धा याच क्रमाने दाखवल्या: रेडिओ खंडित होण्यासाठी आर १ ते आर ५, प्रोटॉन वर्षावासाठी एस १ ते एस ५, चुंबकीय वादळासाठी जी १ ते जी ५. एवढं डोक्यात बसलं की बातमीतलं ‘जी ४’ आणि ‘एक्स २’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे श्रोत्याला आपोआप समजतं.

ज्वालांची प्रतवारीही नीट सांगितली. ए, बी, सी, एम, एक्स; प्रत्येक पायरी आधीच्या दसपट. एक्स १ म्हणजे पृथ्वीजवळ दर चौरस मीटरला एका वॅटचा दहा हजारावा भाग एवढे क्ष-किरण. इथे एक दुरुस्ती हवी. वक्त्यांच्या बोलण्यातून असा समज होतो की ज्वाला जितकी मोठी तितकं पृथ्वीवरचं चुंबकीय वादळ मोठं. तसं नसतं. मोठी ज्वाला उठून सीएमई निघालाच नाही, किंवा निघून भलत्या दिशेला गेला, तर इथल्या चुंबकमापकाची रेघ हलतही नाही. सीएमई थेट आपल्याकडे आला तरी वादळ किती उठेल हे त्याच्यासोबतच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवर ठरतं. क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असेल तर पृथ्वीच्या क्षेत्राशी त्याची जोडणी होते आणि ऊर्जा आत शिरते. उत्तरेकडे वळलेलं असेल तर बरंचसं बाजूने निघून जातं. या क्षेत्राच्या उत्तर-दक्षिण भागाला शास्त्रज्ञ बीझेड म्हणतात आणि नॅनोटेस्ला या एककात मोजतात; दक्षिणेकडे वळला की तो उणे. बीझेड काही तास उणे १० च्या खाली राहिला तर वादळ नक्की समजायचं. मे २०२४ च्या मोठ्या वादळात तो उणे ५० च्या आसपास गेला होता. अख्ख्या व्याख्यानात बीझेडला एकच स्लाइड मिळाली आणि तीही घाईत गेली. खरं तर दोन पट्टीचुंबक, एक पुठ्ठा आणि चिमूटभर लोहकीस एवढ्या साहित्यावर ही गोष्ट मंचावर दाखवता येते. चुंबकांचे विजातीय ध्रुव समोरासमोर आणले की लोहकिसाच्या रेघा एकमेकींना जाऊन मिळतात, सजातीय आणले की फाकतात.

पूर्वसूचना किती वेळ आधी मिळते, हा प्रश्न सभागृहातून आलाच. उत्तर बरोबर होतं, पण आकडेमोड करून दाखवली असती तर जास्त पटलं असतं. भारताचं सौरयान आदित्य-एल १ आणि त्याच्यासारखी इतर यानं सूर्याच्या दिशेला सुमारे १५ लाख किलोमीटरवर, एल १ नावाच्या बिंदूभोवती आहेत. बीझेड खात्रीने मोजता येतो तो तिथेच. सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाने ढग आला तर तिथून पृथ्वीपर्यंत तासभर लागतो, ८०० च्या वेगाने आला तर अर्धा तास आणि २,००० ने आला तर जेमतेम साडेबारा मिनिटं. म्हणजे वादळ जितकं धोक्याचं, तितकी खात्रीशीर सूचना उशिरा. ‘दोन दिवस आधी कळतं’ असं जे छापून येतं तो अंदाज असतो, आणि त्यात सहा-बारा तासांची चूक सहज निघते.

आदित्यची माहिती अद्ययावत होती: २ सप्टेंबर २०२३ ला उड्डाण, ६ जानेवारी २०२४ ला एल १ भोवतीच्या कक्षेत प्रवेश, एकूण सात उपकरणं. त्यांतली सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकात घडली, हे सांगताच टाळ्या पडल्या आणि त्या योग्यच होत्या.

आता उत्तरार्ध. इतिहासाच्या स्लाइड नेहमीच्याच. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने पाहिलेली ज्वाला आणि सतरा-अठरा तासांनी बंद पडलेल्या, ठिणग्या उडालेल्या तारयंत्रणा. मग १३ मार्च १९८९ ला कॅनडाच्या क्युबेक प्रांतात साठ लाख लोक नऊ तास अंधारात. मग २००३ मध्ये स्वीडनच्या माल्मोची वीज. सगळं खरं आहे. पण १८५९ च्या वादळाची जगातली सगळ्यात महत्त्वाची चुंबकीय नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची आहे, आणि तिचा उल्लेखसुद्धा नाही! युरोपातल्या बऱ्याच ठिकाणी नोंदीची रेघ कागदाबाहेर गेली. कुलाब्याला माणसं थोड्या थोड्या वेळाने आकडे वाचून वहीत लिहीत होती, म्हणून पृथ्वीच्या आडव्या क्षेत्रात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घट झाल्याचं आज आपल्याला माहीत आहे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं. तिथली वेधशाळा आजही चालू आहे आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. मराठी श्रोत्यांपुढे सौरवादळांवर बोलताना कुलाबा-अलिबाग गाळून क्युबेकवर दहा मिनिटं देणं आम्हाला पटत नाही. ही मालिका पुढे चालू राहणार असेल तर पहिली दुरुस्ती हीच करावी.

अरोराबद्दलही, म्हणजे वादळात आकाशात दिसणाऱ्या ध्रुवीय प्रकाशाबद्दलही थोडं. मे २०२४ मध्ये लडाखच्या हानले इथल्या वेधशाळेतून आकाश लाल झालेलं टिपलं गेलं, तो फोटो दाखवला. लगेच प्रश्न आला, ‘आपल्याकडून कधी दिसेल?’ वक्ते म्हणाले, ‘कधीच नाही.’ व्यवहारात हे खरंच आहे. मराठवाडा सुमारे १० ते ११ अंश चुंबकीय अक्षांशावर येतो आणि मे २०२४ एवढ्या वादळातही इथे काही दिसलं नाही. पण ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात मुंबईहून अरोरा दिसल्याची नोंद आहे. तेव्हा ‘आपल्या हयातीत आशा धरू नका, पण अशक्य नाही’ हे उत्तर जास्त बरोबर ठरलं असतं, आणि पोरांनाही ते लक्षात राहिलं असतं.

आम्हाला सगळ्यात जास्त खटकलं ते पुढचं. सभागृहात बसलेल्यांपैकी कोणाच्या घरी जमिनीची मोजणी झालेली असते, कोणी ड्रोनने तुरीवर, कापसावर फवारणी करून घेतो, कोणी रोव्हर, म्हणजे उपग्रहांच्या संदेशांवरून जागा मोजणारं यंत्र घेऊन बांधावर फिरणारा मोजणीदार असतो. सौरवादळ या माणसांना गाठतं ते उपग्रहांच्या संदेशांतून. मे २०२४ च्या वादळात अमेरिकेत ऐन मक्याच्या पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले होते, हे उदाहरण व्याख्यानात एका वाक्यात आलं आणि गेलं. ते आपल्या शिवारात आणून दाखवायला हवं होतं.

उपग्रहाचा संदेश आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून येताना अडखळतो, त्याला उशीर होतो. त्या थरात एका चौरस मीटरच्या स्तंभात किती इलेक्ट्रॉन आहेत यावर हा उशीर ठरतो. त्याच्या मापनाचं जे एकक आहे, त्या प्रत्येक एककामागे जीपीएसच्या मुख्य वारंवारतेवर सुमारे १६ सेंटिमीटरची चूक धरायची. सूर्य ऐन भरात असताना दुपारी हा आकडा शंभरावर जाऊ शकतो, म्हणजे १६ मीटर. आणि आपला भाग मोक्याच्या जागी आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं; तिथे वर उचललेले इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंना घसरून साचतात आणि उत्तरेकडची त्यांची रास गुजरात-मध्य प्रदेशच्या पट्ट्यावर येते. मराठवाडा त्या राशीच्या दक्षिण उतारावर आहे. उतारावर थोड्या अंतरात घनता बदलते, त्यामुळे वीस-तीस किलोमीटर दूरच्या स्थानकावरून घेतलेली दुरुस्ती शेतातल्या रोव्हरला तंतोतंत लागू पडत नाही.

दुसरा त्रास सूर्यास्तानंतरचा. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत साधारण साडेसात ते मध्यरात्रीपर्यंत आयनांबरात बुडबुड्यांसारखे पोकळ पट्टे तयार होतात आणि उपग्रहाचा संदेश लुकलुकतो. सूर्याच्या अकरा वर्षांच्या डागचक्राच्या शिखराजवळ हे जास्त होतं. २५ वं चक्र डिसेंबर २०१९ ला सुरू झालं आणि २०२४ च्या उत्तरार्धात शिखरावर पोचलं. उतरणीची पहिली काही वर्षंही तशी तापलेलीच असतात. चुंबकीय वादळ हे बुडबुडे कधी वाढवतं, कधी दाबून टाकतं. वादळ स्थानिक कुठल्या वेळी आलं यावर ते ठरतं. रोव्हरवर याचा परिणाम असा दिसतो की ‘फिक्स’ सुटून ‘फ्लोट’ येतो. फिक्समध्ये एक-दोन सेंटिमीटरची अचूकता असते, फ्लोटमध्ये ती काही डेसिमीटरवर जाते. कधी कधी यंत्र खोटा फिक्सही दाखवतं, आणि बांधाच्या भांडणात तोच महागात पडतो.

यावर उपाय अवघड नाहीत. व्याख्यानात पाच मिनिटं काढून सांगता येतील असेच आहेत. एकच वारंवारता घेणारं यंत्र वादळात वापरू नये. दोन वारंवारतांचं यंत्र उशिराचा मोठा भाग स्वतःच काढून टाकतं. कामाला लागण्याआधी आणि काम संपल्यावर एकाच माहीत बिंदूवर वाचन घ्यावं आणि दोन्ही जुळतात का पाहावं. महत्त्वाच्या कोपऱ्याचं वाचन घेऊन झालं की यंत्राचा फिक्स मुद्दाम तोडून पुन्हा लावावा आणि अर्ध्या तासाने परत मोजावं. खोटा फिक्स असेल तर आकडा सरकतो. दुरुस्ती देणारं स्थानक जितकं जवळ तितकं बरं. शक्यतो सकाळी काम उरकावं. जी ४ किंवा त्यावरचा इशारा असेल तर हद्द कायम करणारी मोजणी एक दिवस पुढे ढकलावी. ड्रोनवाल्यांनी त्या दिवशी तारा आणि झाडांपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवावं.

इशारा वाचायचा कसा, तेही व्याख्यानात अर्धवट राहिलं. केपी निर्देशांक दाखवला: केपी ५ म्हणजे जी १, पुढे एकेक पायरी, केपी ९ म्हणजे जी ५. पण केपी ज्या वेधशाळांवरून काढतात त्या बहुतांशी आपल्यापेक्षा बऱ्याच वरच्या अक्षांशांवर आहेत आणि तो तीन-तीन तासांचा असतो. आपल्यासारख्या भागाला डीएसटी हा तासातासाचा निर्देशांक जवळचा; तो कमी अक्षांशांवरच्या चार वेधशाळांवरून काढतात आणि जपानच्या क्योटोहून प्रसिद्ध होतो. शांत दिवशी तो शून्याच्या आसपास, उणे १०० च्या खाली गेला की मोठं वादळ. १९८९ ला तो उणे ५८९ होता, मे २०२४ ला उणे ४०० च्या पलीकडे. आणखी एक बारीक पण कामाची गोष्ट म्हणजे सगळ्या वेळा जागतिक वेळेत असतात. त्यात साडेपाच तास मिळवायचे. मे २०२४ चं वादळ जागतिक वेळेनुसार १० तारखेच्या संध्याकाळी सुरू झालं, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते.

विजेच्या जाळ्याबद्दल वक्ते जे बोलले त्याने श्रोते उगाच घाबरले. क्युबेकसारखं संकट उद्या परळीला येईल, असा सूर लागला होता. लांब तारांत जमिनीतून शिरणारा मंद प्रवाह रोहित्राचा गाभा संपृक्त करतो, रोहित्र तापतं, संरक्षक यंत्रणा वाहिनी तोडतात, इथवर बरोबर. पण हा प्रवाह ध्रुवीय प्रदेशात, आकाशातल्या विद्युत्प्रवाहांच्या खाली सर्वांत जोरदार असतो. आपल्याकडे तो शून्य नाही, पण बराच कमी आहे. उच्चदाब वाहिन्या लांबत चालल्यात म्हणून तो मोजत राहणं गरजेचं, एवढंच सांगायला हवं होतं. इंटरनेट सहा महिने बंद पडेल, या भीतीचंही तसंच. प्रकाशतंतूतून प्रकाश जातो, त्याला वादळाचं काही होत नाही. समुद्राखालच्या केबलींना ठराविक अंतरावर वीज देऊन चालवलेले वर्धक असतात, प्रश्न आहे तो त्यांचा.

मंचावरच्या प्रात्यक्षिकांत एक चूक मूळातच आहे. काचेच्या बरणीत धाग्याला टांगलेलं चुंबक, त्यावर छोटा आरसा, आरशावर लेझर आणि समोरच्या भिंतीवर सरकणारा ठिपका. युरोपातल्या शाळांसाठी बनवलेला हा प्रयोग इथे जशाचा तसा उचलला आहे. तिथे वादळात क्षेत्राची दिशा अंशाअंशाने हलते, म्हणून ठिपका सरकतो. आपल्याकडे वादळाचा मुख्य परिणाम म्हणजे उत्तर-दक्षिण क्षेत्राची ताकद कमी होणं. दिशा फारशी बदलतच नाही. उत्तरेकडे तोंड करून टांगलेलं चुंबक वादळातही उत्तरेकडेच तोंड करून राहणार! भिंतीवर ठिपका हलला तो बाहेरून ट्रॅक्टर गेला म्हणून. ताकदीतला फरक पाहायचा असेल तर चुंबक दोन समांतर धाग्यांवर टांगून, वरचा आधार पिळून, ते पूर्व-पश्चिम आडवं धरावं लागतं. मग क्षेत्र कमी झालं की धाग्यांचा पीळ जिंकतो आणि चुंबक फिरतं. तरीही लोखंडी कपाट, सळया, दुचाकी यांच्यापासून दहा मीटर तरी दूर जागा हवी.

‘मोबाईलच्या ॲपवर वादळ पाहा’ हा सल्लाही मागे घ्यावा. मराठवाड्यात एकूण क्षेत्र सुमारे ४२ ते ४४ मायक्रोटेस्ला. मे २०२४ सारख्या प्रचंड वादळात त्यात फरक पडला तो ०.४ चा, म्हणजे शेकडा एक. फोन नुसता टेबलावर ठेवला तरी त्याचा आकडा तेवढा आपोआप डोलतो.

याऐवजी एक प्रयोग आम्ही मनापासून सुचवतो, कारण त्यासाठी आपली जागा सोयीची आहे. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम इथे नौदलाचं अतिनिम्न वारंवारतेचं प्रक्षेपण केंद्र आहे, वारंवारता १८.२ किलोहर्ट्झ. मराठवाड्यातून ते जवळजवळ सरळ दक्षिणेला, अकराशे ते तेराशे किलोमीटरवर येतं. हा संदेश जमीन आणि आयनांबराचा खालचा थर यांच्यामधून येतो. सौरज्वालेचे क्ष-किरण आले की तो थर बदलतो आणि संदेशाची ताकद एकदम उसळून हळूहळू उतरते. साहित्य साधं आहे. प्लॅस्टिकच्या नळ्यांची एक मीटर बाय एक मीटर चौकट, तिच्यावर इनॅमलच्या तांब्याच्या तारेचे तीस वेढे, म्हणजे १२० मीटर तार. एक छोटा पूर्ववर्धक आणि संगणकाचं साउंड कार्ड. साउंड कार्डचा नमुना-दर किमान ४८ किलोहर्ट्झ हवा. त्याच्या निम्म्यापर्यंतच, म्हणजे २४ पर्यंतच ऐकू येतं आणि १८.२ त्यात बसतं. ४४.१ चं कार्डही गाठतं, पण अगदी काठावर. चौकटीचं प्रतल उत्तर-दक्षिण ठेवायचं.

बिघडतं काय, तर गोंगाट. मोबाईलचे चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर आणि भारनियमनात चालू होणारा इन्व्हर्टर ही तिन्ही याच पट्ट्यात ओरडतात. चौकट गच्चीवर, घरातल्या वायरिंगपासून लांब ठेवावी आणि वीज गेल्याची वेळ वहीत लिहून ठेवावी, नाहीतर इन्व्हर्टरचा चढ म्हणजे ज्वाला असा घोटाळा होतो. रोज सूर्योदय-सूर्यास्ताला रेघ खचते, तो नेहमीचा आकार आधी आठवडाभर ओळखून घ्यावा. रेघ एकदम तळाला गेली तर तिकडचं प्रक्षेपणच बंद झालं असं समजावं. रात्री ज्वाला दिसत नाहीत. सी वर्गातल्या जरा दणकट ज्वालेपासून पुढे चढ स्पष्ट दिसतो. आपल्या नोंदीची वेळ उपग्रहांच्या क्ष-किरण आलेखाशी ताडून पाहिली की बारावीच्या विद्यार्थ्यालाही आयनांबर स्वतःच्या गच्चीवरून मोजता येतं.

सकाळच्या सत्राला मात्र पूर्ण गुण. वेळ आठ ते दहा ठेवली होती, आणि ती बरोबर आहे. आपल्याकडे दहानंतर जमीन तापते, हवा थरथरते आणि डागांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसू लागतात. दोन दुर्बिणी होत्या. सहा इंची परावर्तकाच्या तोंडावर पूर्ण व्यासाची सौर फिल्म लावलेली, शोधक दुर्बिणीला टोपण घालून वर चिकटपट्टी मारलेली, आणि फिल्मची चौकट नुसती अडकवलेली नव्हती, तीन बाजूंनी पट्टीने बांधलेली होती. उन्हाळ्याच्या तोंडावर वारं सुटतं तेव्हा ही पट्टीच डोळा वाचवते. एक स्वयंसेवक प्रत्येक वेळी फिल्म बल्बसमोर धरून सुईएवढं भोक पडलंय का ते बघत होता. नेत्रिकेत बसवायचे जुने काळे फिल्टर कोणी आणले तर ते बाजूला ठेवायला सांगत होते. ते उष्णतेने तडकतात आणि तडकतात तेव्हा डोळा तिथेच असतो. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी यांनाही मनाई होती.

दुसरी, ६० मिलिमीटरची अपवर्तक दुर्बीण, प्रतिमा कागदावर पाडायला होती. नाभीय अंतर ७०० मिलिमीटर, त्यामुळे नाभीवर सूर्याची प्रतिमा साडेसहा मिलिमीटरची; २० मिलिमीटरच्या नेत्रिकेमागे ३० सेंटिमीटरवर कागद धरला की ती चौदा पट होऊन ९० मिलिमीटरची थाळी मिळते. त्या थाळीवर पृथ्वी ०.८ मिलिमीटरची, खसखशीच्या दाण्याएवढी येते, आणि डागांचा एखादा गट तिच्या कितीतरी पट लांब दिसतो. पोरं पेन्सिलने डाग गिरवत होती, गट मोजत होती. गटांच्या संख्येची दसपट अधिक सुटे डाग, असा वुल्फ आकडा काढायला शिकवलं जात होतं. कॅरिंग्टननेही १८५९ ला सूर्य असाच पडद्यावर पाडून पाहिला होता, हे त्या थाळीशेजारी उभं राहून सांगितलं तर संध्याकाळचा इतिहास सकाळी जिवंत होईल. एकच सूचना: या दुर्बिणीची नेत्रिका साधी, न चिकटवलेल्या भिंगांची असावी. चिकटवलेल्या भिंगांचा डिंक उन्हाने खराब होतो. मोठ्या परावर्तकाने कधी प्रक्षेपण करायचं झालंच, तर तोंडावर ५०-६० मिलिमीटरचं भोक पाडलेला पुठ्ठा लावावा. आणि पांढऱ्या प्रकाशाच्या दुर्बिणीपाशी ‘कडेच्या ज्वाला बघा’ असं कोणी म्हणू नये. तिच्यातून डाग आणि कडेजवळचे उजळ पट्टे दिसतात. उसळ्या बघायला ६५६.२८ नॅनोमीटरची हायड्रोजन-अल्फा दुर्बीणच लागते.

प्रश्नोत्तरांत मराठवाड्याचे स्वतःचे प्रश्न आले आणि तिथे वक्ते डगमगले. किल्लारीच्या भूकंपामागे सौरवादळ होतं का? उत्तर आलं, ‘संशोधन चालू आहे.’ हे उत्तर देऊ नये. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप जमिनीखालच्या खडकात साठलेल्या ताणाने झाला; सौरवादळाशी भूकंपाचा मान्य झालेला कुठलाही संबंध नाही. ज्या भागात लोकांनी घरची माणसं गमावली, तिथे स्पष्ट ‘नाही’ म्हणणं हे वक्त्याचं कर्तव्य आहे. दुष्काळ आणि अकरा वर्षांच्या चक्राबद्दलही तसंच. पूर्ण चक्रात सूर्याच्या एकूण तेजात सुमारे ०.१ टक्का फरक पडतो. त्यावरून औंदा पेरणी करायची का, हे ठरवता येत नाही.

‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाईल बंद ठेवा, वैश्विक किरण येणार आहेत’ या निरोपाबद्दल विचारलं तेव्हा उत्तर छान मिळालं: खऱ्या इशाऱ्यात आर, एस किंवा जी यांपैकी अक्षर आणि आकडा असतो, जागतिक वेळ असते, संस्थेचं नाव असतं, या निरोपात यांतलं काहीच नाही. जमिनीवरच्या माणसाच्या तब्येतीला सौरवादळाने धोका नाही, वातावरण आपल्याला झाकून आहे, हेही ठासून सांगितलं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला डिश टीव्ही काही मिनिटं जातो त्याचा वादळाशी संबंध नाही, हे मात्र राहून गेलं. त्या दिवसांत सूर्य थेट उपग्रहाच्या मागे येतो, एवढंच. औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या लायगो प्रकल्पाला वादळ कळेल का, या प्रश्नाला ‘तो गुरुत्वीय लहरींसाठी आहे’ असं एका वाक्यातलं पण नेमकं उत्तर मिळालं.

व्यवस्था ठीक होती. सत्कार आणि प्रास्ताविकातच पंचवीस मिनिटं गेली, म्हणून बीझेडची स्लाइड घाईत उरकावी लागली. सभागृहाच्या खिडक्यांना पडदे नाहीत, त्यामुळे सूर्यास्त होईपर्यंत पडद्यावरचे डाग नीट दिसत नव्हते. व्याख्यान सातला सुरू केलं तर हा प्रश्न मिटेल. सकाळच्या सत्राला जाणाऱ्यांनी कोरा कागद, पेन्सिल, टोपी आणि पाण्याची बाटली न्यावी. सूर्य पाहायचा चष्मा घरचा असेल तर त्यावर आयएसओ १२३१२-२ छापलंय का ते पाहून घ्यावं आणि तो घालून दुर्बिणीत कधीही डोकावू नये. आठनंतर रांग वाढते, पाऊण तास लागतो. लहान पोरं सोबत असतील तर पावणेआठलाच मैदानावर पोचावं.